इशाऱ्याचा दिवा

गतवर्षीच्या श्रावणातील गोष्ट. बेळगावास पावसाची झड लागली होती आणि आमच्या उपनगरातील रस्ते चिखलाने भरून गेले होते. शाळेस निघण्याच्या घाईत आम्ही मोटारसायकल चालू केली. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरळीत चालले. परंतु क्लच दाबून पहिला गिअर टाकताच ते क्षणार्धात बंद पडले. बाजूचा स्टँड आम्ही वर घेतला होता. तरीही तबकडीवरील स्टँडच्या चिन्हाचा तांबडा दिवा जळतच होता. पुन्हा चालू केली, पुन्हा तोच प्रकार. कोपऱ्यावरच्या मेस्त्रीने गाडी पाहिली, स्टँडजवळच्या दोन तारा कापून एकमेकींस जोडल्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. पाच मिनिटांत दिवा विझला, इंजिन चालू लागले आणि आम्ही पहिल्या तासास वेळेवर पोचलो. शिक्षक-कक्षात त्या मेस्त्रीचे आम्ही तोंडभर कौतुकही केले.

त्या कौतुकाची किंमत दुसऱ्याच कोणाला द्यावी लागली, म्हणूनच हा लेख लिहावयास बसलो आहो.

त्या दोन तारांचे काम काय होते, हे आम्ही मागाहून समजून घेतले. मोटारसायकलचा स्टँड डाव्या अंगास असतो. तो खाली राहिला आणि स्वाराने डावीकडे वळताना गाडी झुकवली, की स्टँड रस्त्यास टेकतो व मागचे चाक उचलले जाऊन गाडी आडवी होते. हे टळावे म्हणून स्टँडच्या खिळीपाशी एक लहानसा स्विच बसवितात. इंजिन चालू राहण्यास दोन वाटा मोकळ्या असतात : एक न्यूट्रलच्या स्विचमधून, दुसरी स्टँडच्या स्विचमधून. गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर पहिली वाट खुली असते. म्हणून स्टँड खाली असूनही इंजिन चालते. गिअर टाकला की ती वाट बंद होते आणि सारा भार दुसरीवर येतो. स्टँड खाली असला, की दुसरीही बंद. मग इंजिन थांबते. आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या पुस्तकात समांतर जोडणीची आकृती काढलेली असेल. तीच ही जोडणी होय!

आमच्या गाडीच्या स्विचमध्ये चिखल व पाणी शिरले होते, इतकेच. स्टँड वर असूनही स्विचला तो खालीच भासत होता. साक्षीदार चुकत होता हे खरे; पण आम्ही त्याची चूक दुरुस्त केली नाही, त्याचे तोंडच बांधून टाकले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा उपचार झाला.

पुढे पंधरा दिवसांनी आमचा पुतण्या आजीचे औषध आणावयास तीच गाडी घेऊन गेला. दुकानातून निघताना स्टँड वर घेण्याचे तो विसरला. पूर्वी गाडीने त्याला गिअर टाकताच अडवले असते. या वेळी ती मुकाट्याने चालू लागली. पहिल्याच डाव्या वळणावर तो रस्त्यावर आपटला. मनगटाचे हाड मोडले. सैन्यभरतीच्या शारीरिक चाचणीस तेव्हा वीस दिवस उरले होते आणि वयोमर्यादेमुळे ती त्याची अखेरची संधी होती. तो आम्हांस एका शब्दाने बोलला नाही. त्या तारा कोणी जोडवल्या होत्या, हे आम्हीच त्यास सांगितले.

आमचे मत असे की, इशाऱ्याचा दिवा विझविणे आणि बिघाड दूर करणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत; आणि पहिलीस दुसरीचे नाव देणे ही आपल्याकडे रूढ होत चाललेली घातक सवय आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली. नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंधन-फवारणी आली आणि इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा घरोघरच्या दुचाकींवर दिसू लागला. त्याची भाषा सोपी आहे. किल्ली फिरविल्यावर तो लागावा आणि इंजिन चालू झाल्यावर विझावा. चालत्या गाडीत तो पेटला, तर गाडी लवकर तपासून घ्यावी. तेलाचा तांबडा दिवा पेटला, तर मात्र जागच्या जागी इंजिन बंद करावे. कारण तेलावाचून ते काही मिनिटांतच कामातून जाते. आणि किल्ली फिरवूनही पिवळा दिवा मुळीच लागत नसेल, तर संतोष मानू नये. तो कोणी तरी काढून ठेवला असण्याचा संभव आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी हे अवश्य पाहावे.

गिअर टाकताच गाडी बंद पडू लागली, तर ती कशी बंद पडते हे आधी नीट पाहावे. घरातील वीज जावी तशी एकदम, धक्का न देता बंद पडली, तर दोष बहुधा विजेच्या वाटेत असतो. स्टँडची जागा धुऊन कोरडी करावी, तो चारदोन वेळा वरखाली करून दिवा प्रतिसाद देतो का ते पाहावे, स्प्रिंग ढिली झाली आहे काय, तार घासली आहे काय, जोड गंजला आहे काय हे तपासावे. याउलट गाडी पुढे हिसका देऊन गुदमरत बंद पडली, तर क्लच पुरता सुटत नसेल. त्याची केबल जुळवून घ्यावी. आमच्या गाडीचा स्विच अखेरीस दुसऱ्या मेस्त्रीने सोडविला, स्वच्छ केला आणि तारा पूर्ववत जोडल्या. या कामास अर्धा तासही लागला नाही.

यावर कोणी म्हणेल, पोटासाठी रोज चाळीस मैल हिंडणाऱ्या माणसास अर्धा तास कोठून मिळावा? भर पावसात, निर्जन रस्त्यावर खोट्या इशाऱ्यापायी गाडी अडली तर त्याने काय करावे? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्या सकाळी तो आमचाच होता. परंतु घाईत जोडलेली तार घाई संपल्यावर कोणी सोडवीत नाही, हा आमचा अनुभव आहे. शिवाय गाडी एकट्याची नसते. ज्याने तार जोडली तो सावध राहील. पण घरातील दुसऱ्यास त्याची वार्ताही नसते.

गाडीबरोबर मिळणारी माहिती-पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि कपाटात पडून राहते. आमच्या विद्यार्थ्यांनी ती बाहेर काढावी, तिच्यातील प्रत्येक दिव्याचा अर्थ मराठीत लिहून घरी भिंतीवर लावावा. पुढील विज्ञान-प्रदर्शनात एका फळीवर एक बॅटरी, दोन स्विच आणि एक दिवा मांडून ही जोडणी पालकांस दाखवावी. मात्र गाडी चालविण्याची घाई करू नये. गिअरच्या मोटारसायकलीस कायद्याने १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या अपराधाबद्दल पालकास वा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

पुतण्याचे मनगट आता बरे आहे. तो एका दुकानात हिशेब लिहितो. आमची गाडी अजूनही तोच नेतो. निघण्यापूर्वी दिवा विझला आहे की नाही हे वाकून पाहतो आणि मगच गिअर टाकतो. प्रत्येक वेळी आम्ही दारात उभे राहून ते पाहत असतो.