माळ्यावरचीं पिलें

जुन्या वाड्याच्या माळ्यावर मांजर व्याली कीं घरांत दोन तट पडतात. मुलें दुधाची वाटी घेऊन धांवतात. वडीलधारीं पोतें शोधूं लागतात. मांजर मारल्यास सोन्याचें मांजर काशीस दान करावें लागतें, या समजुतीनें पिढ्यान्‌पिढ्या हात आवरला खरा. पण पिलें पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडण्यास मात्र कोणतेंच प्रायश्चित्त नसावें! कायद्यांत तें आहे. १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यान्वयें, भुकेनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत सबळ कारणावांचून प्राणी टाकून देणें हा गुन्हा ठरतो.

आई दिसत नाहीं म्हणून पिलें लगेच उचलूं नयेत. ती बहुधा भक्ष्याच्या शोधांत गेलेली असते. कांहीं तास दुरूनच पाहावें. आई खरोखरच नसेल, तर आधीं ऊब व मग अन्न. गारठलेल्या पिलास दूध पचत नाहीं. तेंही गाईचें नको. त्यानें जुलाब होऊन इवलासा जीव सुकून जातो. मांजराच्या पिलांसाठीं निराळी दुधाची भुकटी मिळते, ती पशुवैद्यास विचारून आणावी. पिलूं पालथें धरूनच पाजावें. उताणें पाजल्यास दूध फुप्फुसांत जाण्याची भीति असते. नंतर कोमट ओल्या कापडानें शेपटीखालीं हलकेंच पुसावें. पहिले सुमारें तीन आठवडे आई चाटून हेंच करीत असते. त्यावांचून पिलास मलमूत्र होत नाहीं. हीं जागरणें एकट्या धाकट्या सुनेच्या वांट्यास येऊं नयेत, हेंही येथेंच सांगून ठेवलेलें बरें.

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत माणसाच्या हाताची संवय लागली, तर पिलूं माणसाळतें. आठ आठवड्यांपूर्वीं तें कोणास देऊं नये. आणि उंदीर फार झाले म्हणून मागावयास येणाऱ्यास, उंदीर संपल्यावर याचें काय करणार, हें विचारून मगच द्यावें.

राहिली आई. रानटी वळणाची प्रौढ मांजर चार भिंतींत झुरते. तिला कोंडूं नये. परंतु पिलें अंगावर पीत असतांच ती पुन्हां गाभण राहूं शकते, आणि नऊ आठवड्यांत नवीं पिलें! म्हणून पिलांनीं दूध सोडतांच तिला पिंजऱ्यांत धरून वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करवावी. भुलीतच एका कानाचें टोंक किंचित् छाटतात. त्या खुणेमुळें तिला कोणी पुन्हां धरीत नाहीं. बरी झाल्यावर मूळ जागींच सोडावी. हें निसर्गाविरुद्ध आहे असें घरांतील आजी म्हणतील. त्यांना, गेल्या तीन खेपांचीं पिलें कोठें गेलीं, एवढेंच आठवून पाहण्याची विनंती करावी.