जाहिरातीतले घोडे कुणाचे?

मंडळी, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन जाहिरातींची रंगीत चित्रं हल्ली फोनवर फिरतात. पिवळंधमक गव्हाचं शेत, तुकतुकीत घोड्यांची जोडी, कापणीयंत्रावर ऐटीत बसलेला शेतकरी. खाली कौतुक, 'तेव्हाच्या जाहिराती किती प्रामाणिक!' मला हे मुळीच मान्य नाही.

श्रेय द्यायचं तिथे देऊ. सायरस मॅक्कॉर्मिक यांनी १८३४ साली कापणीयंत्राचं पेटंट घेतलं. १८५०च्या सुमारास त्यांच्या यंत्राची किंमत ठरलेली होती, १२० डॉलर. त्यातले ३० आधी, बाकीचे सुगीनंतर. वर लेखी हमी. यंत्र लोकांसमोर शेतात चालवूनही दाखवत. हे चांगलंच.

पण चित्रातले घोडे कुणाचे? शेतकऱ्याचे! त्यांची किंमत, दाणापाणी, वर्षभराचा सांभाळ त्या १२० डॉलरांत नव्हता. पुढे कॅलिफोर्नियात कापणी-मळणी एकत्र करणारी अवजड यंत्रं आली. एकेक ओढायला वीस-तीस घोडे-खेचरं जुंपत. लहान शेतकऱ्याने ते चित्र नुसतं बघायचं.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना, ही गोष्ट शेतकऱ्याचं अडाणीपण म्हणून सांगितली जाते. नांगर उत्तमच होता. हरळी-कुंदा उपटायचा तर खोल नांगरट हवीच. पण भारी काळ्या जमिनीत मोठा लोखंडी नांगर एका जोडीने हलत नाही, तीन-चार जोड्या लागतात. दावणीला एकच जोडी असलेल्याने बिचकू नये तर काय करावं?

आमच्या चारठाण्याकडे याला उत्तर होतं सावड. आज तुझे बैल माझ्या शेतात, उद्या माझे तुझ्या. नांगर कारखान्याने विकला, पण शिवारात तो चालला शेजाऱ्याच्या बैलांवर. त्या शेजाऱ्याला जाहिरातीत कुणी जागा दिली?

आज ट्रॅक्टरच्या जाहिरातीतही शेतकरी हसराच असतो. 'थोडे पैसे भरा, घरी न्या!' डिझेल, व्याज आणि हप्ता थकल्यावर दारात येणारी माणसं मात्र चित्रात नसतात. घोडे गेले, बैलही चालले, लपवाछपवी तीच राहिली.

तेव्हा भाच्यांनो, पुतण्यांनो, दुकानात जाल तेव्हा यंत्राच्या किमतीवर थांबू नका. ते वर्षभर पोसायला किती लागेल आणि आपल्या चार एकरांत त्याला किती दिवस काम आहे, हे कागदावर मांडा. हिशेब जुळला तर खुशाल घ्या. नाही जुळला तर चौघांत मिळून घ्या. सावड काही बैलांबरोबर मेली पाहिजे असं नाही.