परक्या जनुकाचे कडधान्य आणि आपली पत

कडधान्याच्या घाऊक व्यापारात आमचे केस पांढरे झाले. परंतु गोदामातील भुंग्याने आम्हांस कधी स्वस्थ बसू दिले नाही. औषधाची धुरी द्यावी तर जीवहत्या, न द्यावी तर मालाची नासाडी! म्हणून दाण्यातच भुंग्यास रोखणाऱ्या विद्येविषयी आम्हांस कुतूहल वाटले.

ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी घेवड्याचे एक जनुक वाटाण्यात घातले. मातीतील ॲग्रोबॅक्टेरियम हा सूक्ष्म जंतू आपली काही जनुके वनस्पतीच्या पेशीत सोडतो. त्यालाच त्यांनी वाहक केले. त्यामुळे भुंग्याच्या अळीस दाण्यातील पिष्ट पचेना व वाटाणा टिकला. अळी उपाशी मरते; तेव्हा अहिंसेचा प्रश्न याने सुटला, असे कोणी मानू नये. पुढे २००५ साली तो वाटाणा चारलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत दाह आढळला आणि काम थांबले. २०१३ साली दुसऱ्या चाचणीत मात्र साध्या वाटाण्याहून त्यात अधिक दोष दिसला नाही.

आपल्या देशात अशा कडधान्याच्या लागवडीस अद्याप परवानगी नाही. उद्या ती मिळालीच, तर पोत्यावर तसे स्पष्ट छापावे, दोन प्रकारचा माल मिसळू नये आणि गिऱ्हाइकास आधी सांगून मगच सौदा करावा. पंडितांचा निर्णय फिरू शकतो. व्यापाऱ्याची गेलेली पत फिरून येत नाही.