देह घ्यायला बाईचा, वाचवायला कुणाचा?

नवऱ्याला मूत्रपिंड देणाऱ्या बाईला वर्तमानपत्रे 'आधुनिक सावित्री' म्हणतात. वटपौर्णिमेच्या सुमारास तर असा मथळा हमखास येतो. त्या बाईच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण बायकोला मूत्रपिंड देणाऱ्या नवऱ्याला आपल्या भाषेत काय म्हणतात? त्याच्यासाठी शब्द नाही, कारण तशी अपेक्षाच कुणी केलेली नाही.

आता आकडे पाहा. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या नोंदींनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणे झाली. त्यांतली स्त्रियांच्या वाट्याला आली ६,९४५; म्हणजे पाचांतले एकही पूर्ण नाही. २०१९ च्या नोंदींचा अभ्यास सांगतो की जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत सुमारे ८० टक्के स्त्रिया होत्या आणि घेणाऱ्यांत सुमारे ८० टक्के पुरुष.

यावर ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले : 'तो कमावता आहे, त्याला कसे कापायचे?' म्हणजे पहाटे पाणी भरणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, शेतात निंदणी करणारी बाई कमावत नाही! शस्त्रक्रियेनंतर तिला विश्रांती कोण देणार, हे कुणी विचारत नाही. दुसरे उत्तर वैद्यकीय आहे : गर्भारपणामुळे काही बायकांच्या रक्तात नवऱ्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि त्याचे मूत्रपिंड चालत नाही. हे खरे आहे. पण त्या कारणाने बाप आणि भाऊ सुटत नाहीत. तिसरे उत्तर सर्वांत लाडके : 'ती स्वखुशीने देते.' सासू, दीर, नणंदा आणि स्वतःची आईसुद्धा भोवती बसलेली असताना 'नाही' म्हणायची सोयच नसेल, तर त्या 'हो'ला खुशी कसे म्हणायचे?

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. त्याखालच्या २०१४ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की दाता स्त्री असेल तर अधिक खबरदारी घ्यावी, आणि तिची स्वतंत्र संमती अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. रुग्णालयांत समुपदेशन करणाऱ्या माझ्या व्यवसायभगिनींना मी विचारते : ही पडताळणी आपण बंद दाराआड, तिला एकटीला बसवून करतो का? की नातेवाइकांच्या घोळक्यात तिची सही घेऊन मोकळे होतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संस्थेने प्रतीक्षा यादीतल्या स्त्रियांना प्राधान्य द्यावे अशी सूचना राज्यांना केली. चांगले झाले. पण यादीत नाव लागेपर्यंत बाईला पोचवणार कोण? वस्तीत काम करताना मी पाहते, पुरुषाच्या डायलिसिससाठी दागिने मोडले जातात, आणि बाईच्या अंगावरची सूज 'उन्हाने आली असेल' म्हणून महिनोन्महिने तशीच राहते.

ज्या देहातून काढून घ्यायला संकोच नाही, त्याला वाचवायला हात लावताना मात्र संकोच आडवा येतो. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवायचे, याला सीपीआर म्हणतात. अमेरिकेतील सुमारे वीस हजार घटनांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आसपासच्या लोकांनी सीपीआर दिला, स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांना. शिकवायचे पुतळेही बहुतेक सपाट छातीचे, पुरुषाचे. बाईच्या छातीला हात कसा लावायचा, या विचारात मिनिटे जातात. आणि प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. अब्रू राखायची म्हणून जीव घालवायचा, ही रीत आपल्याला नवी नाही.

मैत्रिणींनो, म्हणून दोन गोष्टी आपणच करायच्या आहेत.

एक : प्रत्येक बचतगटाने, मंडळाने सीपीआरचे शिबिर घ्यावे. बाई बेशुद्ध आहे, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, असे दिसले तर १०८ ला फोन करायला सांगा. छातीच्या मधोमध हाडावर दोन्ही हात ठेवा आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबा. पदर, ब्लाउज, कोण बघते आहे, याचा विचार नंतर. शिबिरात पुरुषांनाही बोलवा आणि स्त्रीच्या छातीचा पुतळा मागा.

दोन : मरणोत्तर दानाचा निर्णय स्वतः घ्या. 'हो' असेल तर सात क्रमांकाचा नमुना भरा. त्यावर दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक जवळचा नातेवाईक. तरीही प्रत्यक्ष वेळी संमती घरच्यांचीच घेतली जाते, म्हणून घरात मोठ्याने सांगून ठेवा. 'नाही' असेल तर तेही सांगा. आणि जिवंतपणी कुणी मागितले, तर आधी एवढेच विचारा : घरातल्या पुरुषांच्या तपासण्या झाल्या का?

दान मोठे खरे. पण ज्याला नकार देता येतो, त्याच्याच देण्याला दान म्हणावे. बाकीची वसुली आहे.