पृथ्वी झाली कशी?

परवा नांदेडला एका घरी गेलो. बारावीची मुलगी म्हणाली, "ग्रह कसे बनतात, ते शिकायचंय." आजीने कपाळाला हात लावला. लातूर पॅटर्नच्या या मुलुखात डॉक्टर, इंजिनिअरखेरीज वाट दिसत नाही. आजीचे तरी काय चुकले? घरात पगार हवा.

पण प्रश्न आपलाच आहे. बुद्धाने जगाचा कर्ता मानला नाही. मग पृथ्वी झाली कशी, हे शोधायलाच हवे. तरुण ताऱ्याभोवती वायू-धुळीची चकती फिरते, कणाला कण चिकटतो. २०१४ साली चिलीतील अल्मा दुर्बिणीने एचएल टॉरी ताऱ्याची चकती टिपली. तीतली काळी कडी पाहून मुरलेले संशोधकही चकित झाले, कारण तारा फार तर दहा लाख वर्षांचा, म्हणजे तान्हाच! खड्याएवढे कण पुढे वाढतात कसे, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. तिथे नवख्यालाही जागा आहे.

पुण्याची आयुका १९८८ मध्ये विद्यापीठांसाठीच निघाली. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठालाही तिची दारे खुली आहेत. पीएच.डी.ला अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिप असते, हेही आम्ही सांगितले.

आजीने विचारले, "आणि तोवर?"