विश्लेषण : ‘व्हिसा लागत नाही’ म्हणजे नेमके काय? थायलंडचे तिकीट काढण्याआधी हे वाचा

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून शांती नगरच्या सेक्टरांमधून चालत गेले, की इमारतींच्या तळमजल्यावर टूर्स अँड ट्रॅव्हल्सची दुकाने दिसतात. ‘बँकॉक-पटाया, चार रात्री पाच दिवस, व्हिसा फ्री’ अशा जाहिराती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरत असतात. तोच शब्द आता नोकरीच्या ग्रुपवर येतो : ‘बँकॉक, डेटा एंट्री, पगार डॉलरमध्ये, व्हिसाची कटकट नाही.’

पहिल्या जाहिरातीवर विसंबून कागद अर्धवट नेले, तर विमानतळावरून परत यावे लागते आणि पैसे बुडतात. दुसऱ्या जाहिरातीवर विसंबून निघालेला तरुण म्यानमारमधल्या सायबर गुलामीत अडकू शकतो. म्हणून ‘व्हिसा फ्री’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

‘व्हिसा फ्री’चा अर्थ काय?

निघण्याआधी दूतावासाकडे अर्ज करावा लागत नाही, एवढाच. कोणत्या कारणासाठी आलात, किती दिवस राहणार, खर्च कसा भागवणार, परत कधी जाणार, हे प्रश्न संपत नाहीत. ते दूतावासाच्या खिडकीऐवजी परदेशातल्या इमिग्रेशन काउंटरवर विचारले जातात, इतकेच.

थायलंडने १५ जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश देऊ केला. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांची सवलत दिली. पण दोन्हीकडे आगमनाची ऑनलाइन नोंदणी करावी लागते. थायलंडमध्ये १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचे झाले. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि त्याला शुल्क नाही. त्यासाठी पैसे मागणारी साइट दिसली, तर ती थायलंड सरकारची नाही असे समजावे. तिथल्या सरकारी साइटचा पत्ता ‘डॉट गो डॉट टीएच’ने संपतो.

दहिसर टोलनाका ओलांडून टी-२ गाठले. तिथे कोण काय तपासते?

पहिली तपासणी विमान कंपनीची असते. प्रवाशाला परदेशात प्रवेश नाकारला गेला, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते, शिवाय अनेक देश दंडही लावतात. म्हणून चेक-इन काउंटरवरचे कर्मचारी ‘टिमॅटिक’ नावाच्या माहितीसाठ्यात त्या देशाचे नियम पाहतात आणि परतीचे तिकीट मागतात. ते नसेल तर बोर्डिंग पास मिळत नाही.

दुसरी तपासणी आपल्या इमिग्रेशन विभागाची. जाण्याचे सांगितलेले कारण आणि हातातले कागद जुळत नसतील, तर प्रवाशाला इथेच थांबवले जाते. तिसरी आणि शेवटची तपासणी त्या देशाची. आत घ्यायचे की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो. पासपोर्टवर व्हिसा असला, तरी हा अधिकार त्याच्याकडेच राहतो.

युरोपचे उदाहरण घ्या. शेंगेन व्हिसासाठी ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो शुल्क आहे, किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतो आणि कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. एवढे करून व्हिसा मिळाल्यावरही सीमेवरचा अधिकारी हॉटेलचे बुकिंग आणि पैशांचा पुरावा मागू शकतो. व्हिसा काढावा लागणाऱ्याची मोठी तपासणी घरून निघण्याआधी होते. व्हिसा फ्री प्रवाशाची तपासणी मात्र तिकिटाचे पैसे खर्च झाल्यावर होते, हे लक्षात ठेवायला हवे.

निघण्याआधी काय पाहावे?

• पासपोर्टची मुदत. बहुतेक देशांना प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने शिल्लक असलेली मुदत लागते.
• परतीचे किंवा पुढच्या देशाचे पक्के तिकीट.
• हॉटेलचे बुकिंग, किंवा नातेवाइकांकडे उतरणार असल्यास त्यांचा पत्ता.
• खर्चापुरते पैसे आणि ते दाखवण्याची सोय.
• आगमन नोंदणीची प्रत, मोबाइलवर आणि कागदावरही. बॅटरी संपली तर काउंटरवर कोणी थांबत नाही.
• परतीची तारीख. थायलंडमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाथ दंड लागतो आणि तो २० हजार बाथपर्यंत जातो.

सवलतीचे दिवस आणि अटी बदलत राहतात. तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाची साइट पाहावी. सहा महिन्यांपूर्वीचा रील हा पुरावा नव्हे.

सवलत कायमची असते का?

नाही. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय पर्यटकांना विमानाने आल्यास १५ दिवस व्हिसाविना प्रवेश दिला होता. २२ नोव्हेंबर २०२५ पासून साध्या पासपोर्टधारकांसाठी तो थांबवण्यात आला. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने कारण स्पष्ट सांगितले : नोकरीचे किंवा तिसऱ्या देशात पोहोचवण्याचे आमिष दाखवून, याच सवलतीचा फायदा घेत भारतीयांना इराणला नेले जात होते आणि तिथे पोहोचल्यावर काहींचे खंडणीसाठी अपहरण झाले. एजंटांनी सवलत वापरली आणि पर्यटकांनी ती गमावली.

पर्यटक म्हणून जाऊन नोकरी केली, तर काय बिघडते?

बँकॉकहून सुमारे ५०० किलोमीटरवर माए सोत हे सीमेवरचे गाव आहे. मोई नदी ओलांडली की म्यानमारमधले म्यावाडी लागते. ऑनलाइन फसवणूक चालवणारी ‘केके पार्क’सारखी संकुले याच भागात उभी राहिली. नोकरीच्या आशेने बँकॉकला उतरलेल्या तरुणांना गाडीत बसवून सीमेपलीकडे नेले जाते, पासपोर्ट काढून घेतला जातो आणि अनोळखी लोकांना फोन-चॅटवरून फसवण्याचे काम करून घेतले जाते. नकार दिल्यास मारहाण होते, सुटकेसाठी पैसे मागितले जातात.

भारताने हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून १० मार्च २०२५ रोजी २८३ आणि दुसऱ्या दिवशी २६६ नागरिकांना परत आणले. त्यात महाराष्ट्रातले तरुणही होते. केके पार्कवर कारवाई झाल्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये ६ तारखेला २७० आणि १० तारखेला १९७ जणांना आणावे लागले. त्या वेळी बँकॉकमधल्या भारतीय दूतावासाने बजावले, की थायलंडची व्हिसा फ्री सवलत पर्यटन आणि अल्पकाळाच्या व्यावसायिक कामासाठी आहे, नोकरीसाठी तिचा वापर करू नये.

पर्यटक म्हणून आत गेलेल्याकडे ना करार असतो, ना वर्क परमिट. मालकाविरुद्ध तक्रार करायला गेला, तर आधी तोच त्या देशाच्या इमिग्रेशन कायद्याचा आरोपी ठरतो. एजंटला नेमके हेच हवे असते.

आपला कायदा कोणाला वाचवतो?

परदेशी नोकरीसाठी आपल्याकडे एमिग्रेशन कायदा, १९८३ आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ शेरा असतो. त्यांना १८ ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ कार्यालयाची मंजुरी लागते. या यादीत आखाती देश आहेत, तसेच मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंडही आहेत.

म्हणजे सौदीला निघालेल्या गवंड्याचा करार कोणीतरी वाचून पाहते. पण बँकॉकला ‘कस्टमर सपोर्ट’च्या नोकरीसाठी निघालेल्या बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंग झालेल्या तरुणाचा करार कोणीच पाहत नाही, कारण त्याला मंजुरीच लागत नाही. कायदा झाला तेव्हा शिकलेला माणूस फसणार नाही, असे गृहीत धरले गेले. आज फसवणुकीच्या अड्ड्यांना इंग्रजी बोलणारा, कीबोर्डवर झपझप हात चालणारा, एआय टूल वापरता येणारा तरुणच हवा आहे. मी इंजिनिअरिंग केले आहे. पदवीनंतर नोकरीविना जाणारे महिने किती लांब वाटतात, हे माझ्या पिढीला वेगळे सांगायला नको. त्या महिन्यांत आलेली ऑफर तपासून पाहायचे धैर्य कमी असते. तिथे कायद्याने आधार द्यायला हवा.

एजंटला काय विचारायचे?

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटकडे केंद्र सरकारचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासता येतो. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी आहे. दीड-दोन लाख मागणाऱ्याला पावती मागून पाहा, उत्तर तिथेच मिळेल.

आणखी तीन प्रश्न विचारा. मालकाचे नाव आणि पत्ता काय? करार निघण्याआधी हातात मिळेल का? व्हिसा नोकरीचा आहे की पर्यटनाचा? ‘आधी टुरिस्टवर जा, तिथे कन्व्हर्ट करू’ असे उत्तर आले, तर पासपोर्ट परत घ्या आणि उठा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो ठेवून घेण्याचा अधिकार एजंटलाही नाही आणि मालकालाही नाही. शंका असल्यास प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या १८००-११-३०९० या टोल फ्री क्रमांकावर विचारता येते.

आता काय व्हायला हवे?

१९८३ च्या कायद्यात नोंदणीविना भरती करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. एका तरुणाकडून लाखो रुपये घेणाऱ्याला दोन हजारांची भीती वाटणार नाही. या कायद्याच्या जागी आणायच्या ‘ओव्हरसीज मोबिलिटी’ विधेयकाचा मसुदा केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केला. नव्या कायद्याने पदवीधरालाही आधार द्यावा आणि दंड एजंटच्या कमाईच्या प्रमाणात ठेवावा, ही अपेक्षा रास्त आहे.

विमानतळावर प्रत्येक तरुणाची चौकशी वाढवणे हा त्यावर उपाय नाही. त्यात खरा पर्यटक हैराण होईल आणि पढवून पाठवलेला तरुण सुटून जाईल. रोखायचे असेल तर पैसे घेतले जातात तिथे, म्हणजे गल्लीत रोखले पाहिजे. महापालिकेने परदेशी नोकरीचा फलक लावणाऱ्या दुकानाला केंद्राचा नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावायला सांगावे. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाने हे क्रमांक पोर्टलवर पडताळून पाहावेत. आणि ‘व्हिसा फ्री’ लिहिणाऱ्याने त्याच आकाराच्या अक्षरांत ‘फक्त पर्यटनासाठी’ असेही लिहावे. या तिन्हींपैकी कशालाही मोठा खर्च नाही.

तोवर ही तपासणी घरातच करावी लागेल. मुलाने किंवा मुलीने बँकॉकच्या नोकरीचे सांगितले, तर पगाराचा आकडा नंतर विचारा. आधी व्हिसा कोणत्या कारणासाठीचा आहे, ते विचारा.