काय खाणार, असं विचारू नका!

मित्रमंडळींत कुणाला काही झालं, की आपण सगळे एकच वाक्य टाकतो. 'काही लागलं तर सांग हं!' म्हणायला सोपं, ऐकायला बरं आणि उपयोग शून्य. कारण ज्याला लागतं तो कधीच सांगत नाही. त्यात केमोथेरपी चालू असेल, तर आपल्याला काय लागणार आहे हे त्या माणसाचं त्यालाच ठाऊक नसतं. दहा वाजता ज्याची इच्छा झाली, ते साडेदहाला समोर आलं की नुसत्या वासाने पोटात ढवळतं!

विषय थोडा सीरियस आहे, पण प्लीज पान उलटू नका. आपल्या वयात हे होत नाही, असं आमच्या ग्रुपलाही वाटायचं. मग गेल्या वर्षी आमच्यातल्याच एकीला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. वय २९. आयटीत नोकरी, कर्वेनगरला भाड्याचा फ्लॅट, घर सोलापूरला. (तिला विचारूनच लिहितेय. 'नाव नको, पण बारीक झाले होते हे लिही,' असा तिचा आग्रह आहे.) आधी ऑपरेशन झालं, मग केमो. पहिल्या चार दर तीन आठवड्यांनी, त्यानंतर दर आठवड्याला एक अशा बारा. म्हणजे हिशेब करा, जवळजवळ सहा महिने.

तिचे बाबा डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून तीनदा. त्यामुळे काकू पहिल्या केमोला आल्या आणि आठवडाभराने परत गेल्या. दोन्हीकडे त्या कशा पुरणार? मग उरलो आम्ही. सहा जण, सहा ऑफिसं, आणि त्यातल्या चौघांना चहापलीकडे काही येत नव्हतं.

सुरुवातीला उत्साह सॉलिड होता. पहिल्या आठवड्यात तीन घरांतून तीन डबे एकाच दिवशी, आणि गुरुवारी एकही नाही. म्हणून आमच्यातल्या सीएने एक्सेल शीट केली. तारीख, कुणाचा डबा, कोण सोबत झोपायला, कोण हॉस्पिटलला. पहिल्या महिन्यानंतर दोघं गळाले. त्यातला एक रोज सकाळी 'तू फायटर आहेस' छाप सुविचार पाठवायचा, तो मात्र कधी चुकला नाही! मला त्याचा राग आला होता. तिला नाही आला. ती म्हणाली, 'अगं, काही लोकांना हॉस्पिटलचा वासच सहन होत नाही. मला तरी कुठे होतो?'

आता मुद्द्याचं. केमोत नेमकं काय होतं? ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, पण तोंडातल्या आणि आतड्याच्या अस्तराच्या, केसांच्या मुळांच्या आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच वाढतात. म्हणून केस जातात, तोंड येतं, पोट बिघडतं, पांढऱ्या पेशी कमी होतात. जीभही चक्रम होते. हिला सगळ्याला लोखंडाची चव यायची. स्टीलचा चमचा तोंडात घातला की नाणं चघळल्यासारखं वाटायचं. मग डबा काचेचा झाला, चमचे प्लास्टिकचे. एवढ्याशा गोष्टीने दोन घास जास्त जायला लागले.

दुसरा शोध फोडणीचा. आपलं मराठी स्वयंपाकघर म्हणजे मोहरी-हिंग-कढीपत्ता, नाही का? नेमका तोच वास तिला नको झाला. मग नियम पडला, तिच्या फ्लॅटमध्ये गॅसवर फक्त पाणी आणि दूध. बाकी सगळं ज्याने त्याने घरून करून आणायचं आणि वाफ गेल्यावर तिच्यासमोर उघडायचं. गरम पदार्थाचा वास जास्त येतो, कोमट किंवा गार झालेल्याचा कमी. अर्थात गार म्हणजे दुपारचं ओट्यावर राहिलेलं रात्री नव्हे. आणल्यावर फ्रिजमध्ये, लागेल तेवढंच बाहेर.

चाललं काय? मऊ भात, तूप, मेतकूट आणि वर लिंबू. लिंबू आणि आमसुलाने ती लोखंडी चव दबते. मुगाचं धिरडं, नाचणीची खीर, उकडलेलं अंडं, पनीरचा चुरा घातलेला उपमा (फोडणीशिवाय, हो, तसाही होतो). तोंड आलं तेव्हा मात्र लिंबू-आमसूल बंद, तिखट बंद. कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चूळ भरायची, मऊ ब्रश वापरायचा आणि खिमटीवर दिवस काढायचे. अल्कोहोलवाले माउथवॉश नको, ते झोंबतात.

तिथल्या डाएटिशियन मॅडमनी एक आकडा दिला होता. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम प्रोटीन. ही तेव्हा ५२ किलोची. म्हणजे साधारण ५२ ते ७८ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधात तेवढंच किंवा थोडं जास्त, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. आता दोन चमचे खिचडी खाणारीने हे गाठायचं कसं? उत्तर सोपं निघालं. ताट मोठं करायचं नाही, घास भारी करायचा. दुधात दूध पावडर, खिमटीत मुगाची डाळ जास्त, खिरीत बदामाची पूड. आणि तीन जेवणांऐवजी दर दोन तासांनी वाटीभर. वाटी लहान घ्या, हे महत्त्वाचं. भरलेलं ताट पाहूनच तिचं जेवण व्हायचं!

इडलीची गोष्ट तर सांगायलाच हवी. पहिल्या केमोच्या सकाळी एकाने लाडाने तिच्या आवडत्या हॉटेलातली इडली आणली होती. त्या रात्री ती आजारी पडली आणि तेव्हापासून इडली हा शब्दही नको. आम्हाला वाटलं, मनाचे खेळ. पण या विषयावर चक्क संशोधन झालेलं आहे. १९७८ मध्ये सिएटलमध्ये इलीन बर्नस्टाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केमो घेणाऱ्या मुलांना केमोच्या आधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. पुढे तेच आइस्क्रीम समोर ठेवल्यावर त्यातल्या बऱ्याच मुलांनी ते नाकारलं. मळमळ औषधाची असते, पण मेंदू खापर फोडतो शेवटच्या खाण्यावर. आपल्या पूर्वजांना विषारी फळांपासून वाचवणारी हीच यंत्रणा इथे उलटी फिरते. मग १९८७ मध्ये याच बाईंनी एका सहकाऱ्याबरोबर आयडिया केली. जेवण आणि केमो यांच्यामध्ये मुलांना एक उग्र चवीची गोळी द्यायची. खापर फुटायचं गोळीवर, जेवण वाचायचं! आम्ही दुसऱ्या केमोपासून संत्र्याची गोळी सुरू केली. आता संत्र्याची गोळी तिला दाखवायची सोय नाही, पण मेतकूट-भात वाचला. तेव्हा केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ नेऊ नका, प्रेम असेल तर चार दिवसांनी न्या.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते खाण्यावरून नाही, खोट्यावरून. काकू रोज रात्री फोन करायच्या, 'जेवलीस का गं?' ही म्हणायची, 'हो आई, पोटभर.' काकूंचा विश्वास बसेना, म्हणून आमच्यातल्या एकाने रिकाम्या वाटीचा फोटो पाठवायला सुरुवात केली. वाटी त्यानेच रिकामी केलेली असायची. चार-पाच दिवस चाललं हे. मग ती एकदम भडकली. 'माझी आई काय लहान आहे? उद्या वजनाचा आकडा बघून ती काय म्हणेल?' त्या रात्री तिने स्वतःच खरं सांगितलं, 'आई, आज दोन चमचे गेले.' फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकूंनी विचारलं, 'हुलग्याचं माडगं करून बघितलं का?' आमच्यापैकी कुणाला ते काय असतं हेही माहीत नव्हतं. काकूंनी स्पीकरवर सांगितलं. हुलगे भाजून दळायचे, पीठ पाण्यात कालवायचं, गूळ घालून शिजवायचं. रविवारी केलं. तिने अर्धी वाटी संपवली, आणि तो फोटो खरा होता.

सल्ल्यांचं काय सांगू! नातेवाइकांपैकी एकाने साखर बंद करायला लावली, दुसऱ्याने गव्हांकुराचा रस धरला. साखर सोडल्याने कॅन्सर उपाशी मरत नाही. माणूस मात्र अशक्त होतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा कॅन्सर आहाराने बरा झाला असं सांगितलं तेव्हा लिंबूपाणी, हळद, कडुनिंब घरोघरी पोचलं. त्यावर टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढलं, की याला भक्कम पुरावा नाही आणि यासाठी उपचार लांबवू नका. उपचार आणि आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालला होता, असं सिद्धूंनीही नंतर स्पष्ट केलं. पण फॉरवर्ड झाला तो पहिला व्हिडिओच! भाजीतल्या हळदीला कुणाची ना नाही. कॅप्सूल, काढे, कच्चे रस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच, काही गोष्टी औषधांच्या कामात लुडबूड करतात. ग्रेपफ्रूट त्यातलंच एक.

कच्च्याचं म्हणाल, तर पूर्वी केमोत सरसकट कच्चं बंद करायचे. आता भर जास्त स्वच्छतेवर असतो. नीट धुतलेलं, नीट शिजवलेलं, पाश्चराइज्ड दूध. कापून ठेवलेली फळं नको, केळं-संत्र्यासारखी सालीची घरी सोललेली चालतात. पाणीपुरी, उसाचा रस, हॉटेलची कच्ची चटणी यांना पूर्ण सुट्टी. तरी प्रत्येक पेशंटचं वेगळं असतं, त्यामुळे त्यांचे डॉक्टर सांगतील ते फायनल.

आणि एक गोष्ट शीटवर लाल रंगात होती. ताप १००.४ च्या वर गेला की लगेच हॉस्पिटलला फोन. रात्रीचे किती वाजलेत ते बघायचं नाही. केमोनंतर दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, तेव्हा साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. 'एक क्रोसिन घेऊन सकाळी बघू' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी म्हणतात. इथे नाही चालत, कारण क्रोसिनने ताप दबतो, इन्फेक्शन नाही. तिसऱ्या केमोनंतर रात्री एकला थर्मामीटरने १०१ दाखवलं. सोबत झोपलेली मैत्रीण बँकेत नोकरीला, सकाळी तिचं ऑडिट होतं. तिने रिक्षाची वाट न बघता खालच्या मजल्यावरच्या काकांना उठवलं. दीड वाजता सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं होतं. तीन दिवस ॲडमिट. ऑडिटचं काय झालं, ते आम्ही अजून विचारलेलं नाही.

२०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उपचार घेणाऱ्या सोनाली बेंद्रेने फ्रेंडशिप डेला टक्कल केलेला, मैत्रिणींबरोबरचा फोटो टाकला होता, आठवतोय? हिने तो तेव्हा लाइक केला होता म्हणे. केस जायला लागले त्या दिवशी तिने तो शोधून काढला आणि म्हणाली, 'हिच्या मैत्रिणी हसतायत बघा. तुम्ही सगळे तेराव्याला आल्यासारखे का बसता?' त्यानंतर आम्ही तिच्याकडे गेलो की क्रिकेट, ऑफिसातलं गॉसिप, कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, सगळं सुरू झालं. तब्येतीचा विषय ती काढेल तेव्हाच.

आठवड्याच्या बारा केमोंमध्ये मळमळ कमी झाली. आधी स्टेरॉइड देतात, त्याने रात्री दोनला टक्क जाग आणि भूक! त्यासाठी बेडजवळ राजगिऱ्याचे लाडू आणि थर्मासमध्ये दूध. बोटांना मुंग्या यायच्या, बरण्यांची झाकणं उघडायची नाहीत. म्हणून जाताना सगळी झाकणं सैल करून निघायचं, हे शीटमध्ये नव्हतं पण सगळे करायचे.

केमो संपल्या. आता रेडिएशन चालू आहे, सोमवार ते शुक्रवार, एकूण १५ सिटिंग. पाच-दहा मिनिटांचं काम, पण रोज जायचं आणि दुपारपर्यंत ती पार दमते. डबा ती स्वतः करते, फोडणीसकट. आता हवा आहे तो ड्रायव्हर. त्यामुळे सीएने शीट तीच ठेवली, 'डबा' खोडून तिथे 'गाडी' लिहिलं. मंगळवार-गुरुवार माझे आहेत, शुक्रवार अजून रिकामा आहे.